वझलवारांची धाकटी

धाकटीच्या डोक्यातून वर आलेलं ते हातभर लांब, पिवळट, लोकरीसारखी लव असलेलं कणीस प्रकाश कळंबेने लोखंड कापायच्या करवतीने बुडापासून कापलं आणि हात झटकत तो स्वतःवर भलताच खूश झाला. रोगाचा नायनाट केल्याचं समाधान वेगळंच असतं. तो रोग नव्हताच, हे कळायला मावशी परत यायच्या होत्या.

धाकटी म्हणजे झाड. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीच्या बी-टाइप क्वार्टरपुढे, नलिनी वझलवार यांच्या फाटकाच्या डाव्या हाताला उभं असलेलं सायकसचं झाड. ठेंगण्या खजुरासारखं दिसायचं. कमरेइतकं खवलेदार काळं खोड आणि वर कारंज्यासारखी चहूकडे झुकलेली, दाभणाच्या टोकाची पानं. नलिनीमावशी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघाल्या तेव्हा त्यांनी प्रकाशला बजावलं ते गॅसबद्दल नाही आणि कुलपाबद्दलही नाही, धाकटीबद्दल. दिवसाआड पाणी, बुडाशी साचू द्यायचं नाही, आणि बकरी दिसली की आधी दगड, मग विचार.

प्रकाश हा मावशींचा भाचा. रक्ताचा नव्हे. टाउनशिपमध्ये क्वार्टरची खोली भाड्याने द्यायला बंदी होती, त्यामुळे एकाआड एक क्वार्टरमध्ये एखादा भाचा राहत असे. तपासणीला येणारा बाबू चहा पिऊन त्या भाच्याच्या गावाकडची खुशाली विचारून जाई. बाबूच्या स्वतःच्या घरी दोन भाचे होते. प्रकाश पांढुर्ण्याचा, दहावीपर्यंत तिथल्या मराठी शाळेत, मग छिंदवाड्याला हिंदीतून बी.एस्सी., आणि आता टाउनशिपमधल्या एका खाजगी शाळेत जीवशास्त्राचा मास्तर. फळ्यावर आकृती काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असं त्याचंच मत होतं.

मे महिना तापत गेला तशी धाकटीच्या मधोमध एक गाठ दिसू लागली. गाठीचा कोंब झाला, कोंबाचं कणीस झालं, आणि ते असं ताठ उभं राहिलं की रस्त्याने भाजीला निघालेल्या बायका पदर तोंडाला लावून पाय उचलू लागल्या. शेजारच्या मिश्राभाभींनी तर कुंपणावरून, पण पाठ करूनच, सांगितलं की मास्टरजी, घर में बहू-बेटियाँ हैं, इस पर कुछ ढक दो. प्रकाशने मुकाट्याने बारदान आणून घातलं. मग वास सुटला. कुजक्या अननसासारखा, गोडसर, डोक्यात चढणारा. बारीक किडे घोंगावू लागले. भाभी म्हणाल्या, यह तो सड़ रहा है. सडणारा भाग वेळीच काढला नाही तर झाड जातं, हे प्रकाशला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याने करवत आणली.

ते कणीस त्याने फेकलं मात्र नाही. मावशींना दाखवायचं होतं ना, केवढा रोग आपण एकट्याने काढला ते. मागच्या व्हरांड्यातल्या फळीवर जुना पेपर पसरून त्याने ते त्यावर नीट आडवं ठेवलं. चार दिवसांनी पेपरवर पिवळी भुकटी दिसली. आतून भुंगा लागलाय, असं त्याने ठरवलं आणि आपण कापलं तेच बरं केलं म्हणून पुन्हा एकदा स्वतःची पाठ थोपटली.

मावशी जूनच्या सुरुवातीला परतल्या, नातवाच्या तेलमालिशीचा वास अंगाला घेऊन. रिक्षातून उतरल्या आणि सामानाकडे न बघता धाकटीपाशी गेल्या. मधला कापलेला भाग दिसला.

"इथं काय होतं?"

प्रकाश उत्साहाने सांगू लागला. गाठ, वास, किडे, मिश्राभाभी, करवत. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की मावशी फाटकाशेजारच्या पायरीवर बसल्या आहेत.

"ते तिचं फूल होतं रे, पोट्ट्या," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं वाट पाहिली मी त्याची."

त्या रागावल्या असत्या तर प्रकाशने ऐकून घेतलं असतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच फार वाईट होतं.

का ते समजायला मागचं थोडं सांगायला हवं. नलिनी उमरेडची. वसंत वझलवार कारखान्यात फिटर, त्यांच्याशी लग्न होऊन ती भोपाळला आली, तेव्हा टाउनशिपचे रस्ते नवे होते आणि झाडं माणसांपेक्षा बुटकी होती. बरीच वर्षं थांबून वैजयंती झाली. वैजयंती तीनेक वर्षांची असताना पुन्हा दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. वसंतराव त्या वेळी हरिद्वारला ट्रेनिंगला होते. ते परत आले ते रसगुल्ल्यांचा रिकामा डबा घेऊन. डब्यात माती आणि मातीत कांद्याएवढा गड्डा, त्याला दोनच पानं. बायकोला काय बोलावं ते त्यांना सुचलं नसावं. त्यांनी फाटकाजवळ खड्डा खणला, गड्डा लावला आणि म्हणाले, "ही आपली धाकटी." त्या दिवसापासून वझलवारांना दोन मुली, असं अख्खी लेन धरून चालली.

वैजयंती चौथीत असताना वसंतराव शिफ्टवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि सकाळी नव्हते. अनुकंपेवर नलिनीला कॉइलच्या विभागात नोकरी मिळाली. तांब्याच्या कॉइलवर अभ्रकाची टेप गुंडाळायची, एकावर एक पदर, प्रत्येक पदर मागच्याच्या अर्ध्यावर. एक पदर चुकला तर तपासणीच्या वेळी कॉइल जळून जाते आणि कोणाच्या हातची होती ते सगळ्यांना कळतं. मावशींच्या हातची कधी जळली नाही. त्या दिवसभर हिंदीत बोलत, घरी आल्यावर उमरेडच्या मराठीत, आणि धाकटीशी कुठल्याशा तिसऱ्याच भाषेत, जी प्रकाशला कळत नसे.

आणि आता त्या तीस जूनला निवृत्त होत होत्या. शहराच्या कडेला, मिसरोदला, दोन खोल्यांचं घर झालं होतं. क्वार्टर सोडायचं, आणि जमिनीत लावलेलं झाड क्वार्टरबरोबर कारखान्याचं, असा नियम. नियम नसता तरी बावीस वर्षांचं ते खोड उपटून नेणं म्हणजे त्याला मारणंच. त्याच्या बुडाशी तोडून लावता येतील अशी पिल्लंही फुटत नव्हती. उरली एकच आशा. कधीतरी धाकटी फुलेल, फळेल, तिचं बी मिसरोदला नेता येईल. वसंतरावांनी आणलेलं काहीतरी नव्या अंगणात उगवेल. या उन्हाळ्यात ती फुलली होती, आणि भाच्याने करवत चालवली होती.

"दाखव तरी," मावशी शेवटी म्हणाल्या. "कुठं ठेवलंस?"

मागच्या व्हरांड्यात त्यांनी ते कणीस मांडीवर घेतलं, मूल घेतात तसं. आता त्याचे खवले सुटे झाले होते. एक खवला त्यांच्या हातात निघाला. त्यांनी तो उलटा केला आणि पिवळी भुकटी त्यांच्या लुगड्यावर सांडली. उलट्या खवल्याच्या खालच्या बाजूवर बारीक पिशव्या होत्या, खसखशीसारख्या, दाट, गर्दीने बसलेल्या.

हे चित्र प्रकाशने पाहिलं होतं. पाहिलं काय, काढलं होतं. दहावीत, बारावीत, बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षी, आणि याच फेब्रुवारीत नववी ब च्या फळ्यावर, रंगीत खडूने, सहा बाणांसह. सायकसचा नर शंकू. खालच्या बाजूला परागाच्या पिशव्या. नाव लिहायला विसरलात तर अर्धा गुण कापेन, असा त्याने मुलांना दम दिला होता. पुस्तकात तो शंकू अंगठ्याएवढा होता, काळ्या शाईचा, आणि त्याला वास नव्हता. जिवंत, हातभर, घाणेरडा वास मारणारा शंकू दाराशी उभा राहिला तेव्हा या आकृतीच्या बादशहाने त्याला रोग ठरवलं.

आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती सांगावी की पांढुर्ण्याची गाडी पकडावी, हे ठरेना.

"मावशी," तो म्हणाला, "धाकटी मुलगी नाही."

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला डोक्यावर करवत पडल्यासारखं झालं. पण सुरुवात केली होती. सायकसमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. मादीला असं कणीस येत नाही; तिच्या डोक्यात घरट्यासारखा तपकिरी लोकरी पानांचा गुच्छ येतो, त्याच्या कडेला बिया उघड्याच धरतात, ना फळ ना साल. हा शंकू नराचा. यातून फक्त पराग. धाकटी कितीही वर्षं फुलली असती तरी एक बीही लागलं नसतं. करवत चालवली नसती तरीही.

हे शेवटचं वाक्य आपल्या बचावासाठी होतं, हे प्रकाशला बोलून झाल्यावर जाणवलं.

बावीस वर्षं ज्या मुलीची पानं त्यांनी केसांतून तेलाचा हात फिरवावा तशी पुसली होती, तो मुलगा निघाला. आणि त्याच्यापासून बी मिळायची आशा कापली गेली नव्हती, ती मुळातच नव्हती. दोन्ही एकदम कळावं, हे कोणालाही जड गेलं असतं.

"नेच्यासारखंच झालं हे," त्या शेवटी पुटपुटल्या.

नेच्याचं प्रकाशला आठवलं. कूलरच्या खाली, पाणी ठिबकायचं तिथं, मावशींच्या नेच्याच्या चार कुंड्या होत्या. पानांच्या मागे तपकिरी ठिपके आले की मावशी त्यांना कीड समजून साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून काढायच्या. वर्षानुवर्षं. प्रकाश राहायला आला तेव्हा त्याने सांगितलं की ती कीड नाही, त्या नेच्याच्या बीजाणूंच्या पुड्या आहेत; नेच्याला फूल नाही, बी नाही, तो त्यांच्यावरच वाढतो. मावशींनी टूथब्रश कचऱ्यात टाकला आणि कितीतरी दिवस त्या कुंड्यांसमोरून जाताना मान खाली घालत.

"मी त्यांची पोरं साबणानं धुतली," त्या आता म्हणाल्या, "अन् तू याचं कापलंस. आपण दोघं मावशी-भाचे खरेच."

माफी मिळाली ती एवढीच. पण मावशींचं डोकं माफीपाशी थांबलं नव्हतं. मागच्या शेडवर भोपळ्याचा वेल होता, त्याकडे त्या बघत होत्या. भोपळ्याला नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं. माशा आल्या नाहीत की उमरेडला त्यांची आई सकाळी नराचं फूल तोडायची, पाकळ्या काढायची आणि मादीच्या फुलात फिरवायची. तोडलेल्याच फुलाने.

"पावडर जिवंत असते का रे? तोडल्यावर?"

प्रकाशने पेपरवरच्या भुकटीकडे पाहिलं. ज्या भुंग्याच्या नावाने त्याने स्वतःची पाठ थोपटली होती, तो भुंगा पराग होता. आणि शंकू पिकून, वास सुटून, किडे यायला लागल्यावरच त्याने तो कापला होता. कापायचा असता तर याहून चांगली वेळ साधता आली नसती. कोरडा ठेवला तर काही दिवस टिकतो, असं तो म्हणाला. छातीठोकपणे नाही, तो सूर त्याच्यापाशी आता शिल्लक नव्हता.

मादी झाड शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. टाउनशिपमधली बाकीची झाडून सगळी सायकस गेस्ट हाऊसच्या एका झाडाच्या पिल्लांपासून केलेली होती, आणि पिल्लू आईचीच जात घेतं. आई मादी, म्हणून सगळ्या माद्या. एकटी धाकटी हरिद्वारची. त्या माद्यांपैकी सगळ्यात देखणी होती बोधनकर साहेबांच्या सी-टाइप बंगल्यापुढे, आणि ती या वर्षी फुललेली होती, हे सगळ्या टाउनशिपला ठाऊक होतं, कारण कमलिनी बोधनकरांनी ते सगळ्या टाउनशिपला सांगितलं होतं.

कमलिनीबाई पुण्याच्या. महिला मंडळाच्या कायमच्या चिटणीस. त्यांचं सायकस दर दोन वर्षांनी फुलायचं, शेंदरी बिया धरायचं, आणि त्या बिया बाई हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला वाटायच्या. कोणाच्याही घरी त्या उगवल्या नाहीत. बाई म्हणायच्या, तुमच्या हाताला गुण नाही. वझलवारबाईंनाही त्यांनी एकदा बिया दिल्या होत्या आणि त्याच वेळी फाटकातून धाकटीकडे पाहून हसत म्हणाल्या होत्या, "तुमचं हे वांझ आहे हो." तो शब्द मावशींनी तेव्हा गिळला. पचला मात्र नव्हता.

रविवारी सकाळी दोघं निघाले. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पराग बारीक मलमलीतून चाळून स्टीलच्या हळदीच्या डबीत भरला होता. प्रकाशच्या हातात डबी, आणि वाटेत त्याने दोनदा अडखळून मावशींचा जीव वर आणला. रस्त्यात मावशी मध्येच थांबल्या.

"वैजयंतीच्या लग्नात मी मुलीची आई होते," त्या म्हणाल्या. "पाच दिवस मान वर केली नाही. व्याह्यांच्या चहात साखर कमी पडली म्हणून रडले. अन् आज बघ."

प्रकाशला आधी कळलं नाही. मग कळलं तसा तो चरकला. मावशी मुलाकडच्या म्हणून निघाल्या होत्या. त्यांची चालही बदलली होती. इतकी वर्षं लेनमधून कडेकडेने जाणारी बाई रस्त्याच्या मधोमध चालत होती.

बोधनकरांच्या व्हरांड्यात साहेब आरशापुढे दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस. बाईंनी पाहुण्यांना बसवलं. मावशींनी शांतपणे आणि, खोटं कशाला, बऱ्याच चवीने सांगितलं, की आमचं वांझ नाही हो. आमचा मुलगा आहे. कमलिनीबाई हसल्या. मग प्रकाशने पुढचं सांगितलं, की नर झाडाशिवाय मादीची बी रिकामी राहते; वरून रंग येतो, आत जीव नसतो. बाईंचं हसू गेलं.

"काहीतरीच. आमच्या बिया पाहिल्या आहेत का तुम्ही?"

दिवाणखान्यात पितळी घंगाळात गेल्या खेपेच्या बिया शोभेला ठेवलेल्या होत्या. बाईंनी त्यातली सगळ्यात टपोरी उचलून आणली, जणू वादच मिटवायला. मावशींनी कमरेचा अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी तशी ती फोडली. आत सुकलेली पातळ साल आणि हवा. दुसरी. हवा. तिसरी बाईंनी स्वतः निवडली, स्वतः फोडली. चौथी कोणी फोडली नाही.

कमलिनीबाई घंगाळाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं, इतक्या ओट्या, इतक्या जणींना लावलेला हाताचा दोष. प्रकाशला वाटलं, आता मावशी बोलणार. बोलायचा हक्क त्यांना होता, आणि आज तर त्या मुलाकडच्या होत्या. मावशींनी अडकित्ता मिटून कमरेला खोचला.

"तुमचा काय दोष, वहिनी," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलंच नाही आपल्याला."

बोधनकर मॅडमची वहिनी झाली ती त्या वाक्यात. बाई उठल्या, चष्मा चढवला आणि एकदम कामाला लागल्या. स्टूल आलं. गुच्छाची वरची पानं हळूच बाजूला सारली तर खाली, प्रत्येक लोकरी पानाच्या कडेला, व्हायच्या बियांचे हिरवट गोटे ओळीने बसलेले, उघडेच, वाट बघत असल्यासारखे. आता भुकटी लावायला मऊ, कोरडं काहीतरी हवं होतं. मावशी म्हणाल्या, कापूस. प्रकाश म्हणाला, कापसाला चिकटून राहील. कमलिनीबाईंनी आत जाऊन एक डबी आणली. त्यात साहेबांनी जर्मनीच्या ट्रेनिंगहून आणलेला, एकदाही न भिजवलेला दाढीचा ब्रश होता. निवृत्तीनंतर आरामात वापरीन म्हणून साहेबांनी तो जपला होता. साहेब हातातल्या टकल्या ब्रशासह, अर्ध्या फेसाच्या तोंडाने तो जाताना बघत राहिले. काही बोलले नाहीत. त्या घरात त्यांनी काही बोलायची पद्धतच नव्हती.

"नवा आणून देतो, सर," प्रकाश घाईघाईने म्हणाला.

ब्रश मावशींच्या हातात दिला गेला. इतकी वर्षं टेप गुंडाळलेली ती बोटं. पदरावर पदर, एकही जागा न सोडता त्यांनी तो ब्रश एकेका गोट्यावरून फिरवला. शेवटी कमलिनीबाईंनी आतून हळदीकुंकवाचं तबक आणलं, थोडा विचार केला आणि आधी मावशींना लावलं. मान मुलाकडच्यांचा.

त्यानंतर वाट पाहणं आलं. संध्याकाळी नळाच्या कट्ट्यावर मावशी हिशोब विचारत, आता आत काय चाललं असेल. प्रकाशने आठवून सांगितलं आणि सांगताना तोच पहिल्यांदा थक्क झाला, कारण आजवर त्याने ते फक्त पाठ केलं होतं. कट्ट्यावर मखमलीसारखं शेवाळं होतं, दर दिवाळीला मावशी तारेच्या ब्रशने काढत ते. त्याच्या नराचं बीज पाण्याच्या थरातून पोहत मादीकडे जातं. पाणी नाही तर लग्न नाही. नेच्याचंही तसंच. त्याच्या बीजाणूतून नखाएवढं हिरवं पान होतं, आणि त्याच्या ओल्या पोटाखाली ते पोहणं चालतं. भोपळ्याने पाण्याची गरजच सोडून दिली; त्याच्या परागाची नळीच नराचं बीज थेट मादीपर्यंत पोचवते. आणि धाकटीची जात दोन्हीच्या मधली. पराग वाऱ्याने, किड्याने, नाहीतर साहेबांच्या ब्रशाने येतो, पण बियांच्या आत पोचल्यावर त्यातून बीज सुटतं ते पोहतच जातं, अंगावरच्या हजारो केसांनी वल्हवत, झाडाने स्वतः जपलेल्या एका थेंबात.

"झाडाचं बीज पोहतं?" मावशींचा हात नळावर तसाच राहिला.

"हो. आणि तेही लगेच नाही. चार महिन्यांनी."

"म्हणजे आत्ता झाला तो साखरपुडा."

"लग्न दसऱ्याच्या सुमारास."

मावशी शेवाळ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवाळीला तारेचा ब्रश निघाला नाही. अर्थात तोवर त्या तिथं राहिल्याच नव्हत्या. मिसरोदला गेल्या होत्या. क्वार्टरच्या किल्ल्या देताना त्यांनी धाकटीच्या पानांवरून एकदा हात फिरवला आणि काटे टोचले तरी काढला नाही. नव्या राहणाऱ्यांना सांगितलं, वास आला तर घाबरायचं नाही. आणि प्रकाश नव्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या कोणाचा तरी भाचा झाला.

फेब्रुवारीत कमलिनीबाईंचा निरोप आला. बिया पिकल्या होत्या. शेंदरी, आवळ्याएवढ्या, दर खेपेसारख्याच देखण्या. आणि त्याचीच तर भीती होती. रंगाने या झाडाने आजवर सगळ्यांना फसवलं होतं. मावशींनी बादली मागवली. उमरेडला पेरणीआधी बियाणं पाण्यात टाकत. पोकळ ते तरंगतं, भरलेलं बुडतं.

पहिली बी टाकली. तरंगली. दुसरीही तरंगली. तिसरी, चौथी, पाण्यावर गोल फिरत राहिल्या. कमलिनीबाईंनी तोंडावर पदर घेतला. प्रकाशला आपली करवत आठवली. मावशींनी पाचवी टाकली नाही, पाण्याशी हात नेऊन अलगद सोडली.

ती खाली गेली. तळाशी टेकल्याचा बारीक आवाज झाला.

मावशी बादलीत बघत राहिल्या, वाकून, इतक्या की त्यांच्या चष्म्याचं टोक पाण्याला लागलं. आणखी काही तरंगल्या, आणखी काही बुडाल्या. किती, ते कोणी मोजलं नाही. मोजायचं भान राहिलं नव्हतं. कमलिनीबाई खुर्ची ओढून बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता बसून राहिल्या. बुडालेल्या बियांची निम्मी-निम्मी वाटणी झाली. मुलीकडच्यांनी आपल्या वाट्यातल्या दोन मावशींच्या पदरात जास्तीच्या टाकल्या आणि मावशींनी त्या परत केल्या, असं दोनदा झालं.

मिसरोदच्या घरापुढे, बिट्टन मार्केटहून आणलेल्या मातीच्या कुंडीत, त्यातली एक जुलैत फुटली. एकच पान, आकड्यासारखं वळलेलं. वसंतरावांच्या डब्यातल्या गड्ड्याला दोन होती. मावशींनी तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. मुलगा की मुलगी ते फुलल्यावर कळेल, पंधरा-वीस वर्षांनी. यावेळी घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. कुंडीशेजारी खिडकीत तो जर्मन ब्रश उभा असतो. केसांच्या बुडाशी पिवळा पराग अजून अडकलेला आहे, म्हणून मावशी तो धुऊ देत नाहीत आणि परतही करू देत नाहीत.

तसा ब्रश भोपाळात मिळत नाही. प्रकाशने न्यू मार्केट पालथं घातलं, निदान तसं तो सांगतो. बोधनकर साहेब संध्याकाळी फिरायला निघतात आणि शाळेच्या वळणावर दोघांची गाठ पडते. साहेब मान हलवतात, मावशींच्या रोपाची चौकशी करतात, आणि निघताना न बोलता एकदा हनुवटीवरून हात फिरवतात. प्रकाश म्हणतो, "पुढच्या महिन्यात, सर."